तुडीलच्या लेकी

पुण्याचा माणूस महाडला जातो तो रायगड बघायला, नाही तर तिथून पुढे कुठे तरी जायला. त्यामुळे स्वारगेटला एस. टी.त शेजारी बसलेल्या बाईंनी "रायगड वाटतं?" असं विचारलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "नाही, मुलं बघायला चाललोय." बाई खूश झाल्या. कोकणातली स्थळं कशी चांगली, भाताला आणि नारळाला कसं मरण नाही, फक्त मुलाची मुंबईत खोली आहे का तेवढं बघून घ्या, हा उपदेश भोर येईपर्यंत चालला. आम्ही सासू-सुनांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला. खरं सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि बाई भोरला उतरणार होत्या.

तुम्हाला मात्र मागूनच सांगते. माझा मुलगा सुहास नऊ वर्षांचा आहे. लहानपणी तो चवड्यांवर चालायचा, पळताना पडायचा, आणि जमिनीवरून उठताना आपलेच हात आपल्या मांड्यांवर टेकवत टेकवत वर यायचा, अजूनही तसाच येतो. पोटऱ्या मात्र अशा भरदार की लोक म्हणायचे, पैलवान होणार हा. मुंबईच्या डॉक्टरांनी स्नायू झिजण्याचा रोग असल्याचं सांगितलं. त्यावर आज औषध नाही हेही सांगितलं. दुर्मीळ आहे, म्हणाले. दुर्मीळ म्हणजे काय ते मला त्या दवाखान्याच्या बाकावर कळलं. माझ्यासारख्या आणखी तीनच आया तिथे बसलेल्या असायच्या, आणि एवढ्या थोड्या मुलांसाठी डोकेफोड करायला कुणालाच सवड नव्हती.

मग त्या बाकावरच आमचं मंडळ निघालं. चार घरं, एक सतरंजी आणि भरपूर हट्ट. आम्ही पापड लाटून विकले, नाटकाचा खेळ लावला, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या दारांत जाऊन उभं राहिलो, आणि डॉक्टरांना रक्त तपासायचं एक यंत्र घेऊन दिलं. यंत्र आलं त्या दिवशी पेढे वाटले. डॉक्टर पेढा खाऊन म्हणाले, "यंत्र आलं, आता माणसं आणा. तुमची चार घरं चार दिशांची. एका रक्ताची चार-पाच घरं तपासायला मिळाली तर रोगाचा माग लागेल, आणि वरूनही मला जागा आणि मदतनीस मिळेल. उन्हाळ्याआधी मिळाली नाहीत, तर हे यंत्र दुसऱ्या विभागाकडे जाईल."

आमच्या पापडांचं यंत्र दुसऱ्या विभागाकडे जाणार हे ऐकून माझं डोकं फिरलं. मला रडू लवकर येत नाही, राग चटकन येतो, आणि आजवर त्या रागानेच माझी पुष्कळ कामं केली आहेत.

त्याच दवाखान्यात पोलादपूरकडचा गणपत नावाचा गिरणी कामगार छातीच्या दुखण्यासाठी यायचा. सुहासला उठताना बघून तो म्हणाला, "बाई, आमच्या वाडीत दोन पोरं अशीच उठत्यात. आमच्या भावकीला लागलेलं हाय ते." माघात तो गावी जाणार होता. मी म्हटलं, तू पुढे हो, मी आलेच. यजमानांनी सुहाससाठी रजा काढली. माझ्या सोबतीला कोण, हा विषय निघाला तेव्हा सासूबाई दशम्यांचं पीठ मळायला बसल्या, त्यावरून आम्ही काय ते समजलो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. हा रोग मुलग्यांना होतो, पण येतो आईकडून, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आई स्वतः ठणठणीत असते. हे मी यजमानांना सांगितलं होतं, सासूबाईंना नव्हतं. छातीच झाली नाही.

वरंध घाट

भोर सोडलं की रस्ता डोंगराच्या कडेकडेने चढत जातो, आणि वरंध्याच्या माथ्यावर आला की समोरची जमीनच संपते. खाली निळसर दऱ्या, त्यांच्या तळाशी कौलांचे चार ठिपके, आणि कड्याच्या पोटातून खाली जाणारा आपला रस्ता. मी जन्मभर देशावरची सपाटी बघितलेली, मी पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरली. सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, आणि प्रत्येक वळणाला थांबून त्या मला "खाली बघू नकोस" असं बजावत होत्या. स्वतःचे डोळे मिटलेले असताना मी कुठे बघते आहे हे त्यांना कसं कळत होतं कोण जाणे.

निम्म्या घाटात इंजिन तापलं आणि गाडी वाफा सोडत उभी राहिली. ओढे माघातच आटले होते. ड्रायव्हर प्रत्येकाकडे पाणी मागत आमच्यापाशी आला. सासूबाईंकडे फिरकीचा तांब्या होता, घरच्या पाण्याचा, प्रवासात त्या दुसरं पाणी तोंडात घेत नाहीत. त्यांनी एकदा तांब्याकडे बघितलं, एकदा दरीकडे, आणि तांब्या ड्रायव्हरच्या हातात दिला. "घे बाबा. आधी इंजिनाचं सोवळं सांभाळ, माझं मागून बघू." वरंध गावात उतरल्यावर ड्रायव्हरने आमच्या चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

महाडात आम्ही मंडळातल्या एका सभासदाच्या चुलतभावाकडे उतरलो. ते वकील. घर स्वच्छ, माणसं अगत्याची, आणि जेवणात भातामागून भात. सकाळी मऊ भात, दुपारी भात, मधल्या वेळी तांदळाचे घावन, रात्री पुन्हा भात आणि वर वालाचं बिरडं. आमच्याकडे पोळी हे जेवण आणि भात ही शेवटची दोन घासांची शोभा. इथे भाकरी मागितली तर आजारी आहात का असं विचारतात. सासूबाई गेली तीन वर्षं भात खात नव्हत्या. पित्त होतं, असं त्या सांगत. वकिलांच्या पत्नीला ते काही केल्या पटेना. "आजी, आमचा भात जुना आहे, पित्त नाही करायचा," असं म्हणून ती रोज वाढायला पुढे यायची आणि सासूबाई रोज पानावर हात आडवा धरायच्या. शेवटी नाचणीची भाकरी आली आणि दोघींत तह झाला.

आंबेनळीच्या पायथ्याशी

पोलादपूरहून गणपतने बैलगाडी आणली होती. आंबेनळीचा घाट चढून गेलं की महाबळेश्वर. तिथे बडी माणसं थंड हवा खायला येतात. घाटाच्या खाली मात्र डोंगराच्या खोबणीत बसवल्यासारख्या वाड्या आहेत, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, कापणीनंतर उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल, आणि घरांपुढे सारवलेली लखलखीत अंगणं. रस्ता नावाची वस्तू गाडीच्या चाकांनाच ठाऊक होती. एका उतारावर गाडी कलंडली आणि सासूबाई गवताच्या भाऱ्यावर आणि मी सासूबाईंवर अशा पडलो. "सुनेनं सासूच्या डोक्यावर बसायचं ते असं," म्हणून त्या हसल्या, तेव्हा गाडीवानाच्या जिवात जीव आला.

वाडीत भावकीचे मुख्य म्हणजे गणपतचे थोरले चुलते, तात्या. उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलण्यात मोजके. त्यांनी आम्हाला ओटीवर घोंगडी घातली, गूळ-पाणी दिलं, आणि मग दोन्ही मुलांना बोलावलं. बाळू चालत आला. किसनला बापाने उचलून आणलं. दोघांचे बाप चुलतभाऊ. बाळू खाली बसला आणि मी त्याला म्हटलं, "ऊठ बरं." त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि स्वतःलाच जिना करून तो वर आला. घरापासून इतक्या दूर, कधी न पाहिलेलं मूल माझ्या सुहाससारखं उठलं. सासूबाईंनी पिशवीतला लाडू काढून त्याच्या हातात दिला आणि त्याचे पाय दाबत बसल्या, घरी सुहासचे दाबतात तसे.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. "आमच्या वाडवडलांनी शिवेवरच्या देवाची राखन, कोंबडा-नारळ, द्यायची चुकवली. त्येची सजा भावकीला हाय. राखन दिली, कौल लावला, समदं केलं. आता आमच्या घरात कोन लेक देत नाय."

मी म्हटलं, "तात्या, मुंबईला चला. डॉक्टर तपासतील, कुणाचा पैसा लागणार नाही."

"आनि दवाखान्यात आमचं आडनाव लागंल. मुंबईत आमच्या खोऱ्यातली मानसं गल्लोगल्ली हायत, बाई. हितं चार गावांत हाय ते तिकडं जगात व्हायचं."

तरी भावकीतली घरं दाखवायला ते तयार झाले. मी आणि गणपत दारोदार फिरलो. काटक पोरं झाडांवर चढत होती, उतारावरून धावत होती, आणि मी प्रत्येकाला खाली बसवून उठवत होते. सगळी टुणकन उठत. कुणाचं पोर धडधाकट निघालं म्हणून मनातून खट्टू होणारी बाई जगात मी एकटीच असेन, असं वाटून स्वतःची लाज वाटली. डॉक्टरांना चार-पाच घरं हवी होती. माझ्या हाती दोन, आणि तीही यायला नाही म्हणणारी.

वाल सोलताना

मी हात हलवत परत आले तर सासूबाई बायकांच्या घोळक्यात वाल सोलत बसल्या होत्या. बिरड्यासाठी वाल भिजवून मोड आणतात आणि एकेक दाण्याचं साल काढतात. काम किचकट, म्हणून चार घरच्या बायका एका अंगणात बसतात. सासूबाई बोटाच्या टोकाने दाणा असा उडवत होत्या की त्या बायका त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या होत्या. मीही बसले. माझे निम्मे दाणे सालासकट चुरगळत होते.

बाळूची आजी म्हणजे तिथली कारभारीण. ती एकीला म्हणाली, "थोरले तुडीलवाले, सूप सरकव गो." मग दुसरीला, "धाकटे, तू चुलीवर बघ."

मी विचारलं, "यांना तुडीलवाली का म्हणता?"

"तुडीलची हाय म्हून. सासरी नाव कोन घेतंय? ही कापडेवाली, ती बिरवाडवाली. ह्या दोगी तुडीलच्या, सख्ख्या भयनी. ही बाळूची आय, ती किसनची."

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्या मुलीचं नवं नाव लिहितात. त्या दिवसापासून माहेरचं नाव गेलं, माहेरही अर्धं गेलं. इथे उलटं. नाव जातं आणि माहेर कपाळावरच्या कुंकवासारखं कायम राहतं. हे मी मनात घोळवत होते आणि एकदम हातातला वाल हातातच राहिला. सख्ख्या बहिणी. दोघी एकाच भावकीत दिलेल्या, दोघींची मुलं आजारी, आणि म्हणून सगळ्यांना वाटलं की दोष भावकीचा. रोग आईकडून येतो हे ठाऊक असलेली मीसुद्धा पुरुषांच्या मागून त्यांची घरं मोजत फिरत होते. विचारायला हवं होतं ते माहेर, आणि ते तर इथे हाक मारताना रोज घेतलं जात होतं.

थोरलीला मी पाणवठ्याकडे गाठलं. तुला भाऊ किती, म्हणून विचारलं.

"दोन व्हते. मिसरूड फुटायच्या आधी गेले." तिने हंडा खाली ठेवला. "असंच व्हतं त्येंना. मी पाठीवर घेऊन फिरलेय."

"आणखी बहीण?"

"मधली वरंधला दिली. तिच्या पोराच्या पोटऱ्या बी अशाच भरल्यात म्हनत्यात." मग ती माझ्याकडे बघत राहिली. बाई हुशार होती, मला काही फोड करून सांगावं लागलं नाही. "बाई," ती म्हणाली, "हितं कुनाला बोलू नगा. आमाला माहेरी लावून देतील."

मी तिला शब्द दिला आणि त्याच क्षणी मला कळलं की मी स्वतःच स्वतःचे हात बांधून घेतले. चार घरं सापडली होती, आणि त्यांतलं एकही मला उघडपणे मागता येत नव्हतं.

तुडील

तुडील सावित्रीच्या काठी, महाडच्या खालच्या अंगाला. आम्ही होडीने गेलो आणि नेमके ओहोटीला पोचलो. भरती-ओहोटीचं गणित पुण्याच्या नदीला नसतं, त्यामुळे धक्क्यापासून एवढ्या लांब गाळात का उतरवताय म्हणून सासूबाई होडीवाल्याशी भांडल्या. पाणी काही त्यांचं ऐकून परत आलं नाही. त्यांनी एक पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत, दुसरा टाकला तो पहिल्याला सोडवायला. होडीवाल्याने आणि मी मिळून त्यांना उपटून काढलं. एक चप्पल अजून तिथेच आहे.

त्या तीन बहिणींच्या आईने आम्हाला पायांवर घालायला गरम पाणी दिलं. आनसाबाई तिचं नाव. विधवा, वाळकी, ताठ. सुकट भाजत होती. आम्ही खात नाही हे कळल्यावर तिने ती लगेच उचलून ठेवली आणि आमच्यासाठी कुळथाचं पिठलं टाकलं. सासूबाई मागे विहिरीवर पाय धूत होत्या, तेवढ्यात मी तिला सगळं सांगितलं. मी सांगत होते आणि ती पिठलं ढवळत होती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "माझी आय बी असंच एक पोर हरवून बसली व्हती. मी लेकी दिल्या तवा कुनाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर कुनी केल्या असत्या?"

"मग आता चला. तुमच्या नातवंडांसाठी."

"औषद हाय?"

मी खोटं बोलू शकत नव्हते. "आज नाही. शोधायला सुरुवात करायची आहे."

"मंग माझ्या लेकींचा संसार कशाच्या मोलानं मोडू? नाय बाई. तुमी जेवा आनि जा."

आम्ही जेवलो आणि निघालो. परतताना होडीत सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "येत नाही." "का?" मी पिशवीचं तोंड बांधू लागले. तिला ज्या गोष्टीची भीती होती तीच मी तीन वर्षं माझ्या घरात दाबून ठेवली होती, आणि ती ज्यांच्यापासून दाबली त्या शेजारी एका चपलेनिशी बसल्या होत्या. मग दुसऱ्याच्या लेकींनी धीर धरावा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? होडी महाडच्या धक्क्याला लागेपर्यंत माझं ठरलं.

तात्यांच्या ओटीवर

वाडीत परत आल्यावर आधी थोरलीला विचारलं. "मी तुमचं काही बोलणार नाही. पण माझं बोलू का?"

ती म्हणाली, "तुमचं तुमी सांगा. त्येला आमची ना कशापाय?"

तात्यांनी भावकी ओटीवर बसवली. बायका माजघराच्या दाराशी. मी उभी राहिले. शाळेत मुलांपुढे मी रोज बोलते, पण त्या दिवशी ओटीचा खांब धरावा लागला. मी म्हणाले, "माझ्या मुलाला हाच रोग आहे. तो देवाच्या कोपाने आलेला नाही आणि त्याच्या वडिलांच्या घराण्यातूनही नाही. तो माझ्याकडून आला. मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक नसतं. पण आईकडूनच येतो, असं डॉक्टरांनी मला सांगितलं आहे, आणि हे मी माझ्या सासूबाईंना आज पहिल्यांदा सांगते आहे."

त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मग तात्या हळूच म्हणाले, "म्हंजी आमच्या भावकीचं नाय?"

"नाही, तात्या."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मग सगळ्यांच्या माना माजघराकडे वळल्या. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण माणसं काही दूधखुळी नव्हती. किसनचा बाप उठला. "तर आमाला फसवून लेकी दिल्या."

थोरली दारातून पुढे आली. "कुनी फसवलं? माझे भाऊ मी पाठीवरनं वागवले. मला ठाव असतं तर माझ्या पोराच्या नशिबाला तेच लावलं असतं का?" तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला पदर तिने पिळून काढला होता.

मग सासूबाई बोलल्या. घसा खाकरून, वहीतून वाचून दाखवावं तितक्या सावकाश. "माझ्या सासूबाई जाताना सांगून गेल्या होत्या, कुळाचार चुकवू नकोस. सुहास व्हायच्या वर्षी मी चुकवला. सुहासचे पाय लुळे पडू लागले तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळेच. तीन वर्षं मी भात सोडलाय देवीसाठी, आणि घरात सांगितलं पित्त होतं म्हणून. सुनेला वाटायचं तिचा दोष, मला वाटायचं माझा. एका चुलीपाशी बसून आम्ही दोघी एकमेकींपासून तोंड लपवत होतो." मग त्या बाळूच्या आजीकडे वळल्या. "दोष कुणाचाच नाही हो. पोर मात्र आपलं आहे. सून घालवाल, तर या मुलाला मांडीवर कोण घेईल? तुमचे गुडघे तरी धड आहेत का?"

बाळूची आजी गुडघे चोळू लागली. मग म्हणाली, "गुडघे कसले धड? थोरले, उठ गो. आजीला भात वाढ. आनि तुमची कापडं बांध. मला गाडी लागते, मी यायची नाय. तू पोराला घेऊन जा."

किसनचा बाप बाहेर निघून गेला. तात्या त्याच्या मागून गेले. ते काय बोलले ते मला माहीत नाही. सासूबाईंनी मात्र तीन वर्षांनी वाल घातलेला भात खाल्ला, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. मी त्यांच्या पानाशी बसून रडले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर माझा तीन वर्षांचा आंबेमोहर वाचला असता."

महाडचा स्टँड

मुंबईची गाडी सकाळची. गणपत वरंधला जाऊन मधल्या बहिणीला घेऊन आला होता. तिचा मुलगा अजून धावत होता, पण मी त्याला एकदा खाली बसताना पाहिलं आणि तो कसा उठतो ते बघितलं नाही. थोरली आली बाळूला घेऊन. धाकटीची मी वाट बघत राहिले. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात असताना किसनचा बाप दिसला, मुलाला खांद्यावर घेऊन. मागे धाकटी, डोक्यावर बोचकं. तो माझ्याशी बोलला नाही. मुलाला खिडकीपाशी नीट बसवून स्वतः त्याच्या शेजारी बसला, तेवढं पुरे होतं.

आणि स्टँडच्या दुसऱ्या टोकाला, तुडीलच्या वाटेकडून, आनसाबाई येत होती. थोरलीने निरोप धाडला असावा. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. तिने लेकींकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि गाडीत चढली. "लेकींसंगं जाते," एवढंच म्हणाली. मला वाटलं, मुलींना सोबत म्हणून येते आहे. पेणपर्यंत ती जावयाशी बोलली नाही. तिथे गाडी थांबली तेव्हा तिने भाकऱ्या सोडल्या, पहिली त्याला दिली आणि त्याने घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुलांना एकेक करून तपासलं. उठवलं, चालवलं, पोटऱ्या दाबून बघितल्या, मुलांचं आणि आयांचं रक्त घेतलं. ते फार बोलत नव्हते, पण इतक्या वर्षांत मी त्यांना असं भराभर लिहिताना बघितलं नव्हतं. शेवटी बाकावर आनसाबाई उरली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मला विचारलं, "यांचा पेशंट कुठे आहे?"

मी काही सांगणार तोच ती उठली. टेबलाजवळ गेली, चोळीची बाही दंडापर्यंत वर सारली आणि हात त्यांच्यापुढे ठेवला.

"माझे दोन व्हते," ती म्हणाली. "दोगं बी गेले. पन त्येंचं रगत ह्याच हातात हाय न्हवं? तेवढं घ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नर्सला आणखी एक नळी आणायला सांगितलं. सासूबाईंनी पदर खोचला आणि तिचा हात धरायला पुढे झाल्या.